सगळ्यांच्या बोटाला कापूस

"मग कापूस कशाला होता?" सासूबाईंनी पुन्हा विचारलं. "कापलं नाही, खरचटलं नाही आणि बोटाला कापूस. तो काय दागिना आहे?"

"आई, तिथे सगळ्यांनाच देतात," धाकटी सून म्हणाली. तिच्यापुढे कांद्याचा ढीग होता आणि ती तो गरजेपेक्षा फारच बारीक चिरत होती.

"सगळ्यांना देतात. फुकट मिळतंय म्हणून तू पण घेतलास."

"मी ती तपासणी केली नाही. किती वेळा सांगू?"

"केली असतीस तर केली म्हणून सांगितलं असतंस का?" हे धाकटा म्हणाला, तिचा नवरा. तो खिडकीला टेकून उभा होता आणि मघापासून बोटांनी गज वाजवत होता.

धाकटीने सुरी खाली ठेवली आणि नेमकी तेव्हाच मोठी सून दारात आली. खांद्याला पिशवी, पायात अजून चपला. तिने जिन्यातच सगळं ऐकलं होतं. या इमारतीच्या भिंतींना कान असतील-नसतील, जिन्याला होते.

"आली," सासूबाई म्हणाल्या. "आता हिलाच विचारा. कापूस बांधणारी हीच."

मोठीने चपला काढल्या, पिशवी खुंटीला अडकवली, घागरीतलं पाणी पेल्यात ओतून उभ्यानेच प्यायलं. कोणी बसायला सांगितलं नाही, तीही बसली नाही.

ती दवाखान्यात सिस्टर होती, कुटुंब नियोजनाच्या खोलीत. गोळ्या, इंजेक्शन, तांबी, नसबंदीची माहिती असं सगळं त्या एका खोलीत चालायचं. आसपासच्या गल्ल्यांमध्ये तिला 'एकविचारू सिस्टर' म्हणत. येणाऱ्या प्रत्येक बाईला ती रक्तदाबाचा पट्टा बांधता बांधता म्हणायची, "एक विचारू? हे मी सगळ्यांना विचारते हं. एचआयव्हीची तपासणी करून घ्यायची आहे का? बोटाला टोचायचं, इथेच, आत्ताच. नको असेल तर नको म्हणा. तुमच्या गोळ्या, तुमचं इंजेक्शन काही अडत नाही." शेजारच्या पोरी तिची नक्कल करायच्या. भाजीवालासुद्धा एकदा म्हणाला होता, "एक विचारू? हे मी सगळ्यांना विचारतो हं. कोथिंबीर देऊ?" ती हसली होती. हसण्यावारी नेलं की लोकांना वाक्य तरी पाठ होतं, असं तिचं मत.

पूर्वी हे असं नव्हतं. तपासणी व्हायची पॅसेजच्या टोकाच्या खोलीत. त्या खोलीच्या दारावरची पाटी कधीच काढून टाकली होती, पण पाटी काढल्याने कोणाला काही कळायचं राहिलं नव्हतं. मोठी इथून बाईला तयार करून पाठवायची. बाई मान डोलावून निघायची, बाकावर बसलेल्या सगळ्या जणींच्या नजरा अंगावर घेत पिण्याच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जायची, तिथे थांबून पाणी प्यायची आणि मागच्या दाराने घरी. त्या टाकीने दवाखान्यात दुसऱ्या कोणापेक्षाही जास्त बायकांची सोय केली, असं मोठी म्हणायची. अशीच पाणी पिऊन गेलेली एक बाई पुढे बाळंतपणाला आली तेव्हा आजार तिला निघाला आणि मग बाळालाही. आधी कळतं तर औषधं सुरू झाली असती, बाळ वाचलं असतं त्यातून. त्या बाईने मोठीला विचारलं होतं, "सिस्टर, तुम्ही तेव्हाच का नाही टोचलंत? मी तुमच्यासमोरच तर बसले होते."

मोठी डॉक्टरीणबाईंच्या मागे लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमची खोली एवढीशी, तपासणी करणार कुठे? मोठीने जुन्या भित्तिपत्रकांनी भरलेलं एक कपाट बाहेर काढायला लावलं आणि तिथे एक छोटं टेबल बसवलं. त्याच खुर्चीत बसून वजन, रक्तदाब, बोलणं आणि हवी तर तपासणी. उठायला नको, कुठे जायला नको.

तेवढ्याने भागलं नाही. बाकावरच्या बायका आता बाहेर येणाऱ्या बाईची बोटं बघू लागल्या. टोचलेल्या बोटाला कापूस असायचा, न टोचलेल्याला नसायचा. एका बाईने तर हात पिशवीत घातला तो फाटकाबाहेर जाईपर्यंत काढलाच नाही. त्याच दिवशी मोठीने मदतनीस मावशींना सांगितलं, की यापुढे आत येईल तिच्या बोटाला कापूस आणि चिकटपट्टी. टोचलं तरी, न टोचलं तरी.

"न टोचता?" मावशी म्हणाल्या. "मग डोक्याला पण बांधते की सगळ्यांच्या. आपला दवाखाना मोठा वाटेल."

पण मावशींनी बांधला. झाकली मूठ सव्वा लाखाची, तसं हे झाकलेलं बोट. सगळ्यांनाच कापूस, त्यामुळे कोणाचं काय ते कोणालाच कळेना. बायका हो म्हणू लागल्या. काही दिवस मोठीला वाटलं, आपण आयुष्यात एक तरी गोष्ट नीट केली.

मग गल्लीने आपला हिशेब लावला. सगळ्यांच्या बोटाला कापूस म्हणजे सगळ्यांची तपासणी. कोणाला सोडत नाहीत. न विचारता टोचतात. घरोघरच्या सासवा सुनांची बोटं तपासू लागल्या. आजच दुपारी डॉक्टरीणबाईंनी मोठीला बोलावून सांगितलं होतं, "तुमच्या कापसाने माझी बाकं रिकामी झाली. तपासणी परत टोकाच्या खोलीत हलवायची का ते ठरवा." ते डोक्यात घेऊन ती घरी आली, तर घरात हे.

झालं होतं असं. धाकटीला गोळ्या सोसत नव्हत्या. रोज सकाळी तिला मळमळायचं, आणि रोज सकाळी सासूबाई आशेने मोरीच्या दाराशी येऊन उभ्या राहायच्या. दोन मुलं होती. तिसरं नको, हे धाकटा-धाकटीने मिळून ठरवलं होतं, सासूबाईंना मिळवून घेतलं नव्हतं. म्हणून धाकटी इंजेक्शनचं विचारायला दवाखान्यात गेली. जावेने जावेला तपासू नये म्हणून मोठी तिला दुसऱ्या सिस्टरकडे देणार होती, पण दुसरी सिस्टर रजेवर. मग मोठीनेच पट्टा बांधला, वजन घेतलं आणि सगळ्यांना विचारते ते विचारलं. धाकटी म्हणाली, "आज नको ताई, नंतर बघू." मोठी म्हणाली, "बरं." इंजेक्शनं संपली होती, सोमवारी येणार होती. तोवर याच गोळ्या जेवणानंतर घे, सोमवारी ये, एवढं बोलणं झालं. बाहेर निघताना मावशींनी बोटाला कापूस बांधला. दवाखान्यासमोर शिलाई मशीन टाकून बसणाऱ्या शिंपीणबाईंनी तो पाहिला, आणि संध्याकाळी सासूबाई ब्लाऊज आणायला गेल्या तेव्हा ब्लाऊजबरोबर ही बातमी घडी घालून दिली.

"वहिनी," धाकटा म्हणाला, "तुम्ही सांगा. हिची तपासणी केलीत की नाही?"

"भाऊजी, ते मी सांगत नाही. तिला विचारा."

"तिला विचारलं. ती नाही म्हणते."

"मग झालं तर."

"तुमच्या तोंडून ऐकायचंय. ही नाही म्हणते, तुम्हीही नाही म्हणा, मी जेवायला बसतो."

एवढंच होतं. 'नाही' म्हणायचं, ते खरंही होतं. तो शब्द मोठीच्या जिभेवर आला आणि तिथेच बसला.

"मी कोणाचंच सांगत नाही," ती म्हणाली. "केली तरी सांगत नाही, नाही केली तरी सांगत नाही."

"म्हणजे केली," सासूबाई म्हणाल्या.

"आई, मी असं म्हटलं नाही."

"नसती केली तर सरळ नाही म्हणाली असतीस. मी चार पावसाळे जास्त पाहिलेत."

मोठीचा नवरा, थोरला, एव्हाना कामावरून येऊन कोपऱ्यात बसला होता. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा आणि दिवसभराच्या त्या घरघरीमुळे घरातले आवाज त्याला उशिरा ऐकू येत, किंवा तसं तो दाखवी. सासूबाईंनी मोर्चा तिकडे वळवला. "तुझी बायको आहे. तुला तरी सांगितलं असेल."

"मला?" थोरला म्हणाला. "आई, शेजारीण बाळंत झाली हे मला बाळाचं रडणं ऐकून कळतं. ही काही सांगत नाही. मी विचारणंच सोडलंय."

"सगळेच नग," सासूबाई म्हणाल्या.

धाकटीने हात पुसले आणि ती मोठीसमोर येऊन उभी राहिली. तिचे डोळे लाल होते, पण ते कांद्याने असतील असं समजायची सोय होती.

"ताई, माझ्यासाठी म्हणताय ना हे? माझं गुपित म्हणून? मग मीच सांगते, बोला. माझी हरकत नाही. काय झालं ते त्यांना सांगा."

"आत चल," मोठी म्हणाली आणि तिला स्वयंपाकघरात घेऊन गेली. दार लोटलं. ते दार पुरतं लागत नसे, पण त्याला इलाज नव्हता.

"मला माहीत आहे तू परवानगी देतेस," मोठी हळू म्हणाली. "पण ती कशी देतेयस बघ. सासू समोर, नवरा समोर, सगळ्यांनी घेरलेली. आज तू म्हणालीस म्हणून मी बोलले, की उद्या प्रत्येक सासू सुनेला पुढे घालून माझ्या दारात येईल. 'बोल गं, सिस्टरला सांग, तुझी हरकत नाही.' आणि ती बिचारी सांगेल. तेव्हा मी काय म्हणू? माझ्या जावेचं सांगितलं, तुझ्या सुनेचं सांगत नाही? आणि जिचं सांगायचं नाकारलं, तिची तपासणी झालीच आहे असं सगळे धरून चालतील."

"त्या सगळ्या जणींचं तुम्हाला कळतं," धाकटी म्हणाली. "माझं कळत नाही."

"कळतं."

"नाही कळत. तुम्ही दवाखान्यात ते कापसाचं डोकं लढवलंत. त्या बायका सुटल्या आणि मी अडकले. मी काही न करता अडकले, ताई. केलं असतं तर निदान केल्याचं तरी असतं."

मोठीने उगाच ओट्यावरचं भांडं उचलून दुसरीकडे ठेवलं. वीस बायकांसमोर तिला शब्द सुचायचे. घरात मात्र तिची जीभ अशी टाळ्याला चिकटायची. तिला सगळ्यांचा राग आला होता. शिंपीणबाईंचा, सासूबाईंचा, डॉक्टरीणबाईंचा, आणि मुख्य म्हणजे त्या कापसाचा. करायला गेलं एक आणि होऊन बसलं भलतंच. टोकाच्या खोलीत परत न्यावं तर बायका पुन्हा पाणी पिऊन घरी जाणार. इथेच ठेवावं तर घरी बोटांची झडती. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या अरुंद वाटेवर तिचीच जाऊ उभी.

बाहेरून सासूबाईंचा आवाज आला. "कुजबुज झाली असेल तर बाहेर या. माझं ठरलंय."

दोघी बाहेर आल्या.

"सोमवारी ही दवाखान्यात जाणार नाही," सासूबाई म्हणाल्या. "इंजेक्शन नको, गोळ्या नकोत, काही नको. आमच्या वेळी नव्हतं यातलं काही. घराण्यात कोणाला कसला रोग नाही, आणि हिच्या पायी गल्लीभर बोभाटा. भल्या घरच्या बायकांना असले प्रश्न विचारायचेच कशाला?"

"आई, प्रश्न सगळ्यांना विचारतात," मोठी म्हणाली. "भल्या घरच्या आणि बुऱ्या घरच्या अशा दोन रांगा लावल्या, तर दुसऱ्या रांगेत कोण उभी राहील?"

"तू मला शिकवू नकोस. तुझी स्वतःची केलीस का कधी?"

"तेही मी सांगत नाही."

कोपऱ्यातून थोरला खोकला. कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

धाकटा आता खिडकीपासून पुढे आला होता. तो लिफ्ट बसवण्याच्या कामाला होता. नव्या इमारती जिथे उभ्या राहतील तिथे त्याची टोळी जायची आणि काम संपेपर्यंत महिना महिना तिकडेच राहायची. या खेपेला तो आठ दिवसांसाठी आला होता आणि त्यातली एक संध्याकाळ अशी चालली होती.

"मला आईचं तिसऱ्या मुलाचं वगैरे काही नको," तो म्हणाला. "गोळ्यांचं आपलं ठरलं होतं. पण मला एक सांग. मी बाहेरगावी असतो म्हणून तुला ही तपासणी करावीशी वाटली ना?"

"मी केली नाही."

"विचार तर आला मनात. नाहीतर कापूस बांधून घेतला असतास? माझ्यावर संशय आहे तुझा."

"नव्हता," धाकटी म्हणाली.

"नव्हता म्हणजे?"

"तेव्हा नव्हता. ताईंनी विचारलं तेव्हा तुझं नावसुद्धा मनात आलं नाही. शाळा सुटायची वेळ झाली होती, म्हणून नंतर बघू म्हटलं. आता तू तासभर असा भांडतोयस, तर मला कळत नाही तू कशासाठी भांडतोयस."

धाकटी नवऱ्याला अरे-तुरे करायची. ते सासूबाईंना एवढ्या वर्षांत पचलं नव्हतं, पण आत्ता त्या तेही विसरल्या. धाकट्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"लोक काय म्हणतील म्हणून भांडतोय," तो म्हणाला. "टोळीतली माणसं इथलीच आहेत. त्यांच्या बायका त्याच दवाखान्यात येतात. उद्या साइटवर माझं तोंड कोणाला दाखवू?"

"त्यांच्या बायकांच्या बोटालाही कापूसच असतो, भाऊजी," मोठी म्हणाली. "तुम्ही त्यांना काय म्हणाल?"

धाकटा म्हणाला, "वहिनी, तुम्ही एक शब्द बोलला असतात तर हे सगळं मिटलं असतं."

"आज मिटलं असतं," मोठी म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तिला तो खाली आणता येईना. "आणि पुढच्या खेपेला? ती सोमवारी आली, त्यानंतर परत आली, दर वेळी येऊन मी तुम्हाला सांगायचं? आज नाही केली, उद्या केली, हे आलं, ते आलं? तुम्हाला काय वाटतं, मी त्या खोलीत बसून तुमच्यासाठी पहारा देते? उद्या तुम्ही स्वतः आलात, तरी आईंना सांगणार नाही मी. आई आल्या तरी तुम्हाला सांगणार नाही."

"मी कशाला मरायला येते," सासूबाई पुटपुटल्या.

खालच्या मजल्यावर कोणाच्या तरी घरी टीव्हीवर लोक खो खो हसत होते. सासूबाईंनी पायाखालचं पायपुसणं सरळ केलं, मग म्हणाल्या, "ते काही असो. सोमवारचं रद्द. मी सांगितलं म्हणजे सांगितलं. मुलांना सांभाळायला मी बसणार नाही, बघते कशी जाते."

धाकटी आत गेली. सगळ्यांना वाटलं रडायला गेली. ती चिरलेल्या कांद्याची ताटली उचलून ओट्यावर ठेवून, हात धुऊन परत आली. हात धुतला तरी कांद्याचा वास येतोय का ते तिने एकदा हुंगून पाहिलं.

मोठी तिच्याजवळ गेली. "रागात काही ठरवू नकोस," ती म्हणाली. "इंजेक्शन तुला तपासणीशिवायही मिळतं. कोणी अडवत नाही. मी परत सांगते, नको म्हणालीस तरी—"

"पाठ आहे मला, ताई. हे तुम्ही सगळ्यांना सांगता." धाकटी हसली नाही, पण तिचा सूर मघासारखा तुटकही नव्हता. "आणि रागात नाही. राग आहे, तो वेगळा. मी आत उभी राहून विचार केला. न करता एवढं ऐकून घेतलं. तर मला माझं खरं काय ते माहीत असलेलं बरं. आजपर्यंत माझ्या अंगातलं सगळं आधी घराला कळत आलंय. मळमळलं तर घराला कळतं, पाळी लांबली तर घराला कळतं. एक गोष्ट मला एकटीला कळू दे."

"तुझी मर्जी," मोठी म्हणाली. "दुसरी सिस्टर सोमवारी कामावर असेल. तिच्याकडे बस. माझ्यापर्यंत येऊच नको."

"तिच्याकडेच बसेन."

"अगं पण—" धाकटा म्हणाला.

धाकटी त्याच्याकडे वळली नाही. ती मधोमध उभी राहिली, म्हणजे सगळ्यांना एकदम ऐकू जावं. किराणा काय आणायचा ते सांगताना तिचा आवाज जसा असे, तशाच आवाजात ती बोलली.

"सोमवारी सकाळी मी दवाखान्यात जाणार आहे. इंजेक्शन घेणार आहे आणि तपासणीही करून घेणार आहे. काय आलं ते मी कोणाला सांगणार नाही, आणि ताईंना कोणी विचारायचं नाही. आई मुलांना बघणार नाहीत, तर तू घरी आहेस, तू त्यांना शाळेतून आण. तुला स्वतःची करून घ्यायची असेल तर दुपारनंतर जा, मी घरी आलेली असेन. आता ताटं घ्या, जेवण गार होतंय."